लंगड्या तापाचा आश्विन

परवा आमच्या गल्लीत आरोग्यखात्याची पोरगी आली. पाठीवर पिशवी, हातात बॅटरी. सरळ न्हाणीत शिरली, पाण्याच्या ड्रममध्ये उजेड पाडला आणि मला म्हणाली, "आजी, या इकडं. अळ्या दिसून राह्यल्या का?" मला चष्म्याशिवाय माझी सून दिसत नाही, अळ्या कुठल्या दिसणार! पण मी "हाव, दिसल्या" म्हटलं. तिला अजून पूर्ण गल्ली करायची होती, उगाच कशाला अडवा. तिनं ड्रम आडवा केला. तिकडून खाटेवरून सून ओरडली, "अवो बाई, चार-चार दिवस नळ येत नाई आमच्या इथं!"

सून आठ दिवसांपासून खाटेवरच आहे. ताप तीन दिवसांत उतरला, पण मनगटं, घोटे, बोटांची पेरं धरून बसली आहेत. पोटावर आणि दंडावर बारीक लाल पुरळ, खाजतं म्हणते. सकाळी उठताना आधी खाटेची पाटी धरते, मग भिंत धरते, आणि मग मला म्हणते, "आत्याबाई, तुमच्याहून मी म्हातारी झाली." पोरीनं तिचं नाव वहीत लिहून घेतलं. चिकनगुन्या.

हे नाव मी म्हातारपणी ऐकलं. ताप मात्र माझ्या चांगला ओळखीचा. आम्ही त्याला लंगडा ताप म्हणायचो, कारण ज्याला झाला तो महिनाभर सरळ चालत नसे. पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई झाली, त्या सालची गोष्ट. आधी नागपूरकडून ऐकू आलं, मग एकेक करत आमच्याकडच्या गावांत आलाच.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेन. आम्ही कासार, दिग्रसच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. पुरुष दुकानात बसत, आणि मी व माझी सासू खेड्यांवर जायचो. मीही सासूला आत्याबाईच म्हणायची. पोळा झाला की आमचा हंगाम. गौरी, नवरात्र, दिवाळी, बायकांना नव्या बांगड्या लागायच्याच. एसटीनं फाट्यापर्यंत आणि मग पायी. दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कपाशीची पहिली बोंडं फुटायला लागलेली, आणि काळी माती अशी चिकट की चालता चालता एकेक चप्पल विटेएवढी जड व्हायची. डोक्यावरच्या टोपलीत काचेच्या माळा वाजत असायच्या. गावाला आधी आवाज ऐकू जायचा, मग आम्ही दिसायचो. एखादी पोट्टी धावत सुटायची, "कासारीण आली वो!" की ओसरीवर बायका गोळा.

बांगडी भरणं म्हणजे निम्मं काम हाताचं आणि निम्मं तोंडाचं. बाईचा हात हातात घेतला की माप कळतं. तळवा दाबायचा, अंगठ्याचं हाड आत घ्यायचं आणि बोलत राहायचं. "भाऊ आलता काय पोळ्याले?" तिनं भावाचं सांगायला तोंड उघडलं की बांगडी मनगटावर. दुखलेलं तिला मागाहून कळतं. माझं त्या भागात नाव होतं, हाताच्या मापाहून एक माप कमी चढवणारी म्हणून. घट्ट बसलेली बांगडी कामात टिकते आणि दिसतेही भरलेली. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आणि आमचे काही नियम होते. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. जुन्या काढून नव्या भरताना एक जुनी हातात राहू द्यायची, नव्या चढल्या की मगच ती उतरवायची, सवाशिणीचा हात क्षणभरही मोकळा नको. आणि नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या काढायला कासारणीनं कधी जायचं नाही. ते काम दुसऱ्या बायका करत. आत्याबाईंनी मला लग्न झाल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं, "आपण भराच्या. काढाचं काम आपलं नाई."

त्या सालचा आश्विन मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त आठवतो. गावात शिरलं की एरवी कुठून तरी बांगड्यांचा आवाज यायचा. विहिरीवर, जात्यावर, भाकर थापताना. त्या साली नव्हता. जातं ओढेल असा खांदा कोणाचा राहिला नव्हता. कपाशी फुटून लोंबायला लागली तरी वेचायला बोटं नव्हती. माणसं बसली की उठता येत नव्हतं आणि उठली की बसता येत नव्हतं. एका घरी सासू-सुना दोघी आजारी, दोघी ढुंगणावर सरकत सरकत चुलीपाशी आलेल्या. सासू म्हणते, "आता तरी माह्या बरोबरीनं आली तू कामाले." सून म्हणते, "तुमी लौकर निघाल्या होत्या, मामीजी." दोघी हसल्या आणि हसताना बरगड्या दुखल्या म्हणून दोघी कण्हल्या.

पुरळ पाहून पुष्कळांना वाटलं, देवी आली. मग तेच सगळं. दाराला कडुनिंबाचा डहाळा, उशाशी पाण्याचा भरलेला गडवा आणि घागर, त्यात निंबाचा पाला. ते पाणी देवी जाईपर्यंत सांडायचं नाही. आठ आठ दिवस तसंच. परवा त्या पोरीनं ड्रममध्ये बॅटरी मारली तेव्हा मला त्या घागरी दिसल्या. आम्ही डास उशाशी पाळत होतो आणि वरून त्यांना हळदकुंकू वाहत होतो. पण हे आता कळतं. तेव्हा डासाचं कोणाच्या मनातही आलं नाही. मलेरियावाला फवारा मारून आणि भिंतीवर तारीख टाकून गेला, जाताना म्हणाला, "हा आमचा ताप नाई," आणि आम्हीही ऐकून घेतलं.

दिग्रसहून तीनेक कोसांवर एक गाव होतं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिथल्या कमलला पोळ्याच्या आठवड्यात मीच हिरवा चुडा भरला होता, एक माप कमी घेऊन. तिचा नवरा पलटणीत. घरी ती आणि तिची सासू गोदाबाई. त्या दिवशी मी एकटीच गेले होते. गावात कोणीच हात पुढं करत नव्हतं, सगळ्यांचे सुजलेले. परत निघणार तेवढ्यात गोदाबाईंनी बोलावणं पाठवलं.

मला वाटलं, पत्र वाचायला असेल. मी शाळेत गेलेली नाही. बांगड्या ज्या रद्दीत गुंडाळून येत त्या कागदांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकले होते, पण खेड्यांत तेवढंही कामी येई. गोदाबाईंनी खरंच आधी पत्रच काढलं. तेच जुनं, घड्यांवर फाटत आलेलं, मी पोळ्याला वाचलेलं. मी खुशाल आहे, म्हशीकडे लक्ष ठेवणे, कमलीस आशीर्वाद. लढाई लागायच्या आधीचं. लढाई थांबली असं ग्रामपंचायतीच्या रेडिओनं सांगितलं होतं, पण त्यानंतर पत्र नव्हतं.

"नवीन काई नाई न त्यात?" गोदाबाईंनी विचारलं.

"गोदाबाई, जुन्या पत्रात नवीन कुठून येईन?"

"पाहून घेतलेलं बरं," त्या म्हणाल्या आणि मग मला आत नेलं.

कमल खाटेवर होती. डावा हात बरा होता. उजवा पाहून मी खाली बसले. पंजा गुळाच्या ढेपेसारखा, आणि माझ्या बांगड्या मनगटाच्या मांसात रुतलेल्या, दोन-दोन बांगड्यांच्या मधून कातडी वर आलेली. बोटं निळसर.

"कासारीणबाई," कमल म्हणाली, "हे बोटं माहे नाई वाटून राह्यले. काढा न ह्या."

"काय बोलते तू!" गोदाबाई दारातून म्हणाल्या. "पोरगा तिकडं. पत्र नाई. अन् तू हात उघडा कराले सांगते?" मग माझ्याकडे वळल्या, आवाज एकदम मऊ. "तेल लावून सरकवता येत अशीन तं पाहा, बाई. पण वाढवाच्या नाई. एवढं करजा."

तेल लावलं. साबण लावला. कमलनं दात आवळून पदर तोंडात धरला. एक बांगडी तसूभर हलली नाही. हात सुजलेला नसता तरी त्या सहज निघाल्या नसत्या, तशाच भरल्या होत्या मी. ओलं फडकं आत सरकवून पकडीनं एकेक काच मोडायला मला पाव तास लागला नसता. ते मला येत होतं. पकड टोपलीतच होती.

मी म्हटलं, "आत्याबाईले इचारून येते."

कमलनं भिंतीकडे तोंड केलं. गोदाबाईंनी मात्र मला वाटेसाठी भाकर बांधून दिली.

फाट्याच्या वाटेवर बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथली एक म्हातारी माझ्या ओळखीची. सगळा तांडा तिला याडी म्हणे, याडी म्हणजे आई, म्हणून मीही म्हणायची. त्या बायका दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालतात, आणि नवरा असेपर्यंत त्या उतरत नाहीत. याडी दारात बसली होती आणि तिचा उजवा दंड रिकामा. मला वाटलं, म्हातारा गेला. मग पाहिलं तर तिचा म्हातारा बाजूलाच चिलीम ओढत बसलेला, आणि दंडावरच्या सगळ्या बांगड्या काळ्या दोऱ्यात ओवून याडीच्या गळ्यात.

"हे काय वो याडी?"

"सूज चढून राह्यली होती. आधीच काढून घेतल्या."

"अन् कोणी काई म्हटलं नाई?"

"काय म्हणन?" ती म्हणाली. "उतरल्या कुठं? अंगावरच तं हायेत. हात सुजला, गळा थोडीच सुजला!"

म्हातारा चिलीम काढून म्हणाला, "मले तं अजून काई झालं नाई," आणि दोघं हसले.

मी एसटीत बसेपर्यंत हसत होते. उपाय माझ्या हातात आला होता. तिथूनच उलट फिरायला पाहिजे होतं. ऊन अजून होतं. पण शेवटची गाडी जाईल असं मी मनाशी म्हटलं आणि घरी आले.

घरी आत्याबाईंना ताप भरला होता. तरी मी सांगितलं, तांड्याचंही सांगितलं. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "आपण काढत नाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अन् तुह्या हातानं काढल्या, अन् तिकडून पोराचं काई आलं, तं? मंग कोण्या गावात उभं करतीन तुले? तुह्या हातानं कोण भरून घेईन?" हे मलाही कळत होतं. हेच तर मला त्या खाटेपाशी बसल्या बसल्या कळलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता, आत्याबाई उठू शकत नव्हत्या, दुकानात गर्दी. मी गेले नाही. कारणं खरीच होती. पण खरी असली तरी मी ती शोधलीही होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी हाक मारली. हात पुढं केला. रात्रीतून मनगट सुजलं होतं आणि त्यांच्या स्वतःच्या बांगड्या रुतायला लागल्या होत्या. बाहेर मामंजी दात घासत होते, त्यांचा खाकरण्याचा आवाज आत येत होता. आत्याबाई म्हणाल्या, "ह्या काढ."

मी हळदीचा दोरा घेतला, त्यात सात नव्या बांगड्या ओवल्या, त्यांच्या गळ्यात बांधल्या आणि मग पकड घेतली. त्या पूर्ण वेळ आढ्याकडे पाहत होत्या. शेवटची काच निघाली तशी त्यांनी मनगट चोळलं, माझ्याकडे पाहिलं आणि खेकसल्या, "अन् थांबली कायले आता? जाय न तिकडं!"

अशा होत्या आमच्या आत्याबाई. नियम चाळीस वर्षं पाळला आणि मोडायला एक रात्र लागली. मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्याचं दुखणं कानांनी ऐकावं लागतं, स्वतःचं सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी मी त्या गावी पोचले, तर गोदाबाई दारातच उभ्या होत्या. मी परवानगी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना नाहीच म्हणावं लागलं असतं. मी टोपली उतरवली आणि म्हटलं, "कमलीले बांगड्या भराले आली."

"आता? अशा हातात?"

"गळ्यात भरते. तांड्यातल्या याडीनं भरल्या. आमच्या आत्याबाईनंही आज सकाळी भरल्या."

त्या बघत राहिल्या. हिरव्या बांगड्यांचा गोफ दोऱ्यात ओवून मी कमलच्या गळ्यात बांधला, कुंकू लावलं. भरून झाल्यावर बाई कासारणीला नमस्कार करते, ती रीत. कमलला उठवत नव्हतं, म्हणून गोदाबाईंनीच वाकून केला. मग स्वतःच फडकं ओलं करून आणलं आणि म्हणाल्या, "आता त्या जुन्या पाहा काय कराचं ते." आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

एकेक काच कट् करून मोडत गेली. रक्त उतरलं तसं कमल एवढ्यानं ओरडली की शेजारची लंगडत आली. मनगटावर करकोचे पडले होते, बांगडीगणिक एक. संध्याकाळपर्यंत बोटांना रंग आला. तीन बोटांना लवकर आला, करंगळीला आणि तिच्या शेजारचीला उशिरा. गोदाबाईंनी काचा वेचून तुळशीत पुरल्या.

त्यानंतर मलाही ताप आला, आणि पंधरा दिवस मी अंथरुणात पडून एकाच गोष्टीचा हिशेब घालत होते की तिकडून काय येतं. पोस्टमन आमच्या गल्लीत येई, त्या गावात नाही, तरी त्याची घंटी ऐकली की मी अंथरुणात उठून बसे. गुडघे दुखत होते त्याचं काही वाटत नव्हतं. दिवाळी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी गोदाबाईंचा दीर दुकानात आला आणि म्हणाला, पत्र आलं, पोरगा खुशाल आहे, दवाखान्यात होता पायाला लागलं म्हणून, संक्रांतीला रजेवर येणार. आत्याबाई दुकानातच होत्या. लगेच म्हणाल्या, "मी तं म्हटलंच होतं."

मग त्या भागात असं पसरलं की कासारणीनं कमलीचा हात वाचवला. माझ्याजवळ बायका विश्वासानं हात देऊ लागल्या, पहिल्याहून जास्त. मी ते ऐकून घेत राहिले. त्या दोन-अडीच महिन्यांत एकदाही कोणाला म्हटलं नाही की पकड पहिल्या दिवशीही टोपलीत होती.

परवा त्या आरोग्याच्या पोरीला मी विचारलं, "बाई, या तापात बोटं कायमची धरतात काय?" ती म्हणाली, "बहुतेकांची सुटतात, आजी. कोणाकोणाचे सांधे मात्र महिनोन्‌महिने आखडून राहतात, काहींचे वर्षानुवर्षं." "अन् बांगडी रुतली तर?" "रुतल्यानंही होऊ शकते." मी विचारलं, "मग नेमकं कशानं झालं ते कसं ओळखायचं?" ती हसली. म्हणाली, "आता कसं ओळखणार? किती वर्षं झाली त्याला?"

संक्रांतीच्या आधी कमल दुकानात आली. मागं गोदाबाई, आणि त्यांच्या मागं तो, काठी टेकत, फौजी कोट घातलेला, लाजत. गोदाबाई दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्याच त्या. यायनंच हात वाचवला." मामंजींनी चहा मागवला. तो आणि गोदाबाई बाहेरच्या बाकावर बसले.

कमल माझ्यासमोर बसली. मी तिचा उजवा हात घेतला आणि सवयीनं म्हटलं, "मूठ कर." तीन बोटं मिटली. दोन सरळच राहिली. मी दाबून पाहिली. ती म्हणाली, "दुखत नाई. कळतच नाई त्यायले काई. भाकर थापता येते. कापूस वेचता येत नाई पहिल्यासारखा."

मी माळा चाळत राहिले. ती हळूच म्हणाली, बाहेर ऐकू जाणार नाही अशी, "मी त्या दिवशी म्हटलं तेव्हाच काढल्या असत्या, तं हे वाचले असते काय?"

मला कितीतरी उत्तरं देता आली असती. ताप तसाच होता. तुझी सासू दारात उभी होती. आत्याबाईंना विचारायचं होतं. सगळी खरी. पण ती माझ्याकडे पाहत होती.

"वाचले असते असं वाटते मले," मी म्हटलं. "मले काढता येत होत्या. मी भेली."

बाहेर तिचा नवरा कशाला तरी हसला. तिनं एकदा तिकडं पाहिलं.

"मीही भेली होती," ती म्हणाली. "मले वाटे, तुमी हो म्हणसान अन् तिकडून काई येईन."

मग तिनं चांगला हात मांडीवर ठेवला आणि उजवा हात, दोन सरळ बोटांचा, आधी माझ्यापुढं केला.